परमाणू महाराजांचे अकरा दिवस

कट्... कट्... कट्-कट्-कट्-कट्. यंत्र बोलायला लागलं आणि हिरडीटोल्याच्या शाळेच्या मैदानावर बसलेल्या पाच-सहाशे माणसांनी एकदम हात जोडले. मंचावर भगव्या कफनीवर पांढरा डॉक्टरी कोट चढवलेला एक गोरापान, गुबगुबीत माणूस उभा होता. उजव्या हातात रेडिओएवढा निळा डबा, डाव्या हातात हातभर लांबीची तांब्याची कांडी. समोरच्या पाटावर पिवळ्या मातीचं ढेकूळ होतं. त्यानं ढेकळावर कांडी टेकवली, डबा जवळ नेला, की डबा किंचाळायचा.

"सुना आपने? ये परमाणू का विष है," महाराज म्हणाले. "धरती माता रो रही है. विलायत के सायंटिस्ट इसको सौ साल में नहीं निकाल सकते. हम ग्यारह दिन में निकालेंगे. और चमत्कार से नहीं, बेटा, सायन्स से."

मग त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, स्वतःही मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली. त्यात ओम होता, प्रोटॉन होता आणि शेवटी स्वाहा होतं. कांडी डोक्याभोवती सात वेळा गरगर फिरवली, पुन्हा ढेकळावर टेकवली, डबा जवळ नेला. डबा गप्प.

बाया रडायला लागल्या. सरपंच मुन्नालालनं मंचावरच लोटांगण घातलं. मी मागे कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. मी पटले गुरुजी, याच शाळेत विज्ञान शिकवतो. गावात माझ्याएवढा खवचट माणूस दुसरा नाही असं लोक म्हणायचे, आणि त्या दिवसांत मला त्याचा अभिमानच होता.

आता हे विष आलं कुठून ते सांगतो. गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला चामडं कमावायची पावडर बनवणारा एक कारखाना होता. दोन हजार आठ साली मालक कुलूप लावून गेला तो गेलाच. मागच्या खड्ड्यात त्यानं सोडलेला गाळ तसाच पडून होता. दोन हजार बाराच्या पावसाळ्यात खड्ड्याची भिंत खचली, गाळ बाहेर आला, आणि ऊन पडल्यावर सुकून पिवळाधमक झाला.

आमच्याकडे दिवाळी म्हणजे आधी घर सारवणं. वर छुईची पांढरी माती, खाली पिवळ्या मातीचा पट्टा. ती पिवळी माती आणायला बाया डोक्यावर टोपली घेऊन दोन कोस जंगलात जातात. त्या वर्षी ती गावाच्या तोंडाशीच सापडली, आणि तीही अशी की हळदीनं मान खाली घालावी. तेवीस घरं त्या मातीनं सारवली गेली. हातानंच, कारण सारवण दुसऱ्या कशानं होत नाही.

सगळ्यात देखणं घर माझ्या शेजारणीचं, सुखवंताबाईचं. तिचा मुलगा तिलक, सून रविता. रविताला नववा महिना लागलेला. सुखवंताबाईनं बाळंतिणीच्या खोलीला त्या मातीचे तीन हात दिले. येणाऱ्या नातवाला पहिल्यांदा डोळे उघडल्यावर छान काहीतरी दिसावं, एवढीच तिची हौस.

पंधरा दिवसांत बायांच्या बोटांवर फोड आले. फोड फुटून खोल भोकं पडली, काही केल्या भरेनात. दोघीतिघींच्या नाकातून रक्त यायला लागलं. खड्ड्याजवळच्या बोअरिंगचं पाणी पिवळसर झालं.

तेव्हा रुचि टेंभरे आल्या. अशा जागा साफ करणाऱ्या पथकाच्या त्या प्रमुख. मूळच्या तिरोड्याकडच्या पोवार, वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. आल्या दिवशी त्यांनी खड्ड्याभोवती दोर बांधला, बोअरिंगला लाल रंग फासला आणि टँकर मागवला. पथकातला एक गडी हातमोजे न घालता खड्ड्यात उतरायला निघाला तर त्याला सगळ्यांसमोर घरी पाठवलं. मग गावाची सभा घेतली.

"हा क्रोम आहे, कारखान्याच्या पावडरीतला विषारी धातू," त्या म्हणाल्या. "भिंती कोरड्या खरवडू नका, धूळ नाकात जाईल. आमची माणसं ओल्या करून माती काढतील आणि पिंपांत भरतील. तोवर त्या खोल्यांत कुणी झोपायचं नाही. लाल बोअरिंगचं पाणी तोंडाला लावायचं नाही."

"किती दिवस लागतीन?" मुन्नालालनं विचारलं.

"घरांना दोन महिने. खड्ड्याला तीन वर्षं. जमिनीखालच्या पाण्याचं मला आज सांगता येत नाही."

"सांगता येत नाई? मंग तुमी कायच्या साहेब आहा जी?"

सगळं मैदान खदाखदा हसलं. खरं सांगतो, मीही हसलो. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा साहेब गावानं कधी पाहिलाच नव्हता. पाचव्या दिवशी मुन्नालालनं परमाणू महाराज आणले. त्यांना सगळं माहीत होतं. घर सोडायचं नाही, माती काढायची नाही, घरटी एक पोतं धान द्यायचं आणि रोज तीर्थ घ्यायचं. तीर्थ म्हणजे त्याच बोअरिंगचं पाणी. महाराजांनी बोअरिंगवर कांडी फिरवली, डबा गप्प झाला, आणि चेल्यानं लाल रंगावर हिरवा रंग मारला.

महाराजांच्या तिसऱ्या दिवशी रविता बाळंत झाली. मुलगा. दुसऱ्या दिवशी सुखवंताबाई लोटा घेऊन माझ्या कुंपणाशी थांबली. फडकी गुंडाळलेल्या बोटांनी तिनं लोटा उराशी धरला होता.

"गुरुजी, मशीन गप झाली जी. तुमी आपल्या कानानं आयकलं."

"आयकलं नं बाई," मी म्हणालो. "तुमचा महाराज लय गुणाचा. मशीनलेही झोपवते अन् गावालेही झोपवते."

ती हसली. माझा स्वभाव तिला माहीत होता. हसत हसतच बोअरिंगकडे गेली. आपण काय झकास बोललो, असं मला वाटलं. ते वाक्य मी रात्रीच्या जेवणापर्यंत तिघांना ऐकवलं.

संध्याकाळी रुचिबाई माझ्याकडे आल्या. "गुरुजी, तुमचं लोक ऐकतात. निदान शेजारच्या घरी तरी सांगा. तान्हं मूल आहे."

"मॅडम, हा फुगा अकराव्या दिवशी आपोआप फुटते," मी म्हणालो. "तोवर मजा पाहा."

"मला मजा बघायला वेळ नाही," म्हणून त्या उठल्या आणि स्वतः सुखवंताबाईच्या दाराशी गेल्या. बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस जात नाही, म्हणून सुखवंताबाईनं दार लावून घेतलं. रुचिबाई त्या दारावर आणखी तीनदा गेल्या. चौथ्यांदा आतून शिवी आली.

अकरावा दिवस उजाडला. त्याच सकाळी तिलक आणि रविता बाळाला घेऊन गोंदियाच्या दवाखान्यात गेले होते. पोरानं दीड दिवस लघवी केली नव्हती, अंग सुजलं होतं. सुखवंताबाई मात्र मागे राहिली. शेवटच्या दिवसाचं तीर्थ सगळ्यात जागृत, ते घेऊन दुपारच्या गाडीनं जायचं, असा तिचा बेत.

महाराज रंगात आले होते. "आज गाँव शुद्ध हो गया. अब जिसके मन में शंका है, उसी के पास विष है," ते म्हणाले, आणि चालू डबा चौरंगावर ठेवून लोकांना पायाशी बोलवू लागले. रांग सरकत होती, डबा निवांत होता. मग नंदलाल आला. नंदलाल म्हणजे आमच्या भागात मंडईच्या जत्रेला आणि रात्रीच्या दंडारीच्या नाटकाला गॅसबत्त्या भाड्यानं देणारा गरीब माणूस. तो पाया पडायला वाकला आणि डबा पिसाळल्यासारखा कडकडायला लागला.

क्षणभर महाराजांनाच घाम फुटला. पण माणूस तयारीचा. "यही है," ते ओरडले. "इसी पापी के पेट में विष है."

पुढचं दोन मिनिटांत झालं. ज्या लोकांच्या लग्नात नंदलालनं उजेड केला होता, त्यांनीच त्याला धरलं. सदरा फाटला, धोतर सुटलं, एका बाईनं चप्पल मारली. तो चड्डीवर उभा राहून एकच म्हणत होता, "म्या काई नाई केलं जी, म्या काई नाई केलं." मी अजून खुर्चीवरच होतो.

रुचिबाई मंचावर चढल्या. "सोडा त्याला. नंदलालभाऊ, सदऱ्याच्या खिशात काय होतं ते इथं ठेवा."

बिडीचा कट्टा निघाला, डब्याजवळ धरला, डबा गप्प. माचिस, गप्प. मोबाइल, गप्प. मग गॅसबत्तीच्या नव्या जाळ्यांचं पाकीट निघालं आणि डबा पुन्हा कडकडायला लागला.

"या जाळीत थोरियम नावाचा धातू असतो," रुचिबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "त्यामुळं बत्ती एवढी पांढरी जळते. त्यातून थोडीशी किरणं निघतात, आणि हे यंत्र तीच मोजतं. यंत्र खरं आहे. आता कांडी द्या, महाराज."

"ये सिद्ध कांडी है. स्त्री का हाथ लगा तो..."

"हातमोजे घातलेत," म्हणून त्यांनी कांडी काढूनही घेतली. एक टोक डब्याजवळ धरलं, कट्-कट्-कट्. दुसरं टोक धरलं, गप्प. पहिल्या टोकाची टोपी त्यांनी पिळून काढली आणि आतून जाळीची कोंबलेली घडी ओढून नंदलालच्या पाकिटाशेजारी ठेवली. विष दाखवायचं तेव्हा महाराज हे टोक टेकवायचे, आणि डोक्याभोवती सात फेऱ्या मारताना कांडी उलटी करायचे. अख्ख्या गावाचे डोळे मिटलेले असायचे. माझे उघडे होते, तरी हसण्याच्या नादात मला ते दिसलं नाही.

त्यांनी पिवळं ढेकूळ नुसतंच डब्यासमोर धरलं. डबा गप्प. "पहिल्या दिवशीही हे गप्पच होतं. क्रोम या यंत्राला दिसत नाही, कधीच दिसणार नाही." मग काचेच्या पेल्यात बोअरिंगचं पाणी घेतलं, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, टाकली, ढवळली. पिवळा रंग गेला आणि मळकट हिरवा साका खाली बसायला लागला. "क्रोम यानं ओळखता येतो. यंत्र गप्प झालं म्हणून तुम्ही जे पाणी प्यालात, ते तेव्हा जेवढं विषारी होतं तेवढंच आजही आहे."

"मंग हिराकस टाकून पेलं तं चालन का?" मुन्नालालनं विचारलं.

"नाही. टँकरचं प्या."

नंदलालवर उठलेल्या चपला आता महाराजांवर उठल्या. रुचिबाईंनी त्यांनाही सोडवून पोलिसांच्या हवाली केलं. पुढं ते जामिनावर सुटले. आता दुसऱ्या जिल्ह्यात मोबाइल टॉवरचं विष काढतात असं ऐकतो. तिथंही गर्दी आहे.

गोंधळात सुखवंताबाई मंचाशी आली. "मॅडम, म्या नातवाले रोज दोन दोन चमचे तीर्थ देल्लं. सात दिवस."

रुचिबाईंनी तिला धीर दिला नाही, दोषही दिला नाही. पाणी किती पिवळं होतं ते विचारलं आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टरला तोवर कुणी क्रोमचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे दोन दिवस आधी कळायला हवं होतं.

पोर तिसऱ्या दिवशी गेलं. मूत्रपिंडं बंद पडली होती.

मी भेटायला गेलो तेव्हा सुखवंताबाई अंगणात बसली होती. आत पथकाची माणसं भिंती ओल्या करून माती काढत होती.

"गुरुजी, तो महाराज खोटा हाय, हे तुमाले मालूम होतं का?"

"होतं."

"ते पाणी खराब हाय, हेबी मालूम होतं?"

"होतं."

"मंग तुमी हासत काऊन होते जी?"

इतकी वर्षं विज्ञान शिकवून मी काय शिकवलं, तर खुर्चीत बसून टिंगल करायला.

म्हणून हे लिहितो आहे, आणि लिहिताना माझी लाज झाकत नाही. कुणी विष काढून देतो म्हणाला तर विचारा, कोणतं विष, ते कशानं मोजलं, आणि काढून ठेवलं कुठं. विष हवेत विरत नाही, ते कुणीतरी हातमोजे घालून उचलून न्यावं लागतं. यंत्र दाखवलं तर ते दुसऱ्याच्या हातात द्यायला सांगा. जो अकरा दिवसांची खात्री देतो त्याच्यापेक्षा जी तीन वर्षं मागते आणि पुढचं माहीत नाही म्हणते, तिच्यावर विश्वास ठेवा, कारण तिनं मोजलेलं असतं. हिरडीटोल्याचा खड्डा त्यांनी तीन वर्षांनी बंद केला. बोअरिंगला त्यांनी पुन्हा लाल रंग फासला, तो आजही तसाच आहे.

आणि ज्याला खरं माहीत आहे त्यानं ते सांगावं. लोकांनी शिव्या दिल्या तर उद्या परत जाऊन सांगावं. रुचिबाईंनी चारदा सांगितलं. मी शेजारी राहत होतो, आणि मी एकदाही सांगितलं नाही.