आणखी एक थेंब

बाटली तिने खिडकीच्या उजेडात आडवी धरली, तर तळाशी नखभर औषध हललं — एवढंच? परवाच तर आणली होती, पिंपरी कॅम्पातल्या मेडिकलमधून, जयसिंगला न सांगता. आणि डॉक्टरांनी दिलेली आधीची, ती तर कधीच संपून पर्सच्या तळाशी पडलेली. महिनाभर पुरेल म्हणाले होते. कस्तुराने बाटली पुन्हा एकदा हलवून बघितली.

आत कॉटवर जयसिंग, तिचा नवरा, डोळ्यावर रुमाल धरून पडला होता. बुबुळावर चढलेलं मांस ऑपरेशन करून काढलं, आठवड्यात जखम भरेल म्हणाले, आणि जखम अजून उघडी ती उघडीच. डोळा लालभडक, पाणी गळतंय, आग होतेय... आग होतेय म्हणाला की कस्तुरा थेंब घालायची. दिवसातून चार वेळा सांगितलं होतं, पण चार वेळांनी कसलं काय होतंय? शेजारच्या कोंडीरामचा डोळा पू होऊन गेला, तेव्हा त्याची बायको रडत म्हणाली होती, औषधात कमी पडलो गं आम्ही. आपण कमी पडायचं नाही. चाकणला ग्राइंडिंगच्या मशीनवर उभं राहून ती हेच तर शिकली होती — घासायला लावलेला लोखंडाचा जॉब तापून काळा पडायला लागला की गार करणारं कूलंट आणखी सोडायचं, हात आखडला की माल गेलाच. तिचा माल कधी जळला नव्हता. म्हणून कुकर लावताना एक थेंब, कपडे वाळत घालून आल्यावर एक, झोपेत तो कण्हला तरी एक... आणि तो बिचारा प्रत्येक वेळी मान मागे टाकून डोळा उघडून द्यायचा, डॉक्टरांनीच सांगितलंय असं धरून.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळ्या उजेडात बघितलं. मग म्हणाल्या, जंतू शिरले असतील तर कडक औषध सुरू करावं लागेल, डाग राहिला तर नजर अधू होईल. जयसिंगने फक्त क्रेनचं विचारलं; कंपनीत तो क्रेन चालवायचा. माणसांच्या डोक्यावरून लोखंड न्यायचं काम, अंदाज चुकून चालत नाही. अधू डोळ्याच्या माणसाला कंपनी परत वर चढू देणार नव्हती.

"औषध किती वेळा घालता?"

"तुम्ही सांगितलं तसंच, मॅडम. बायको एक वेळ चुकवत नाही."

कौतुकाने म्हणाला तो. जळलं मेलं ते कौतुक! गप्प बसावं का? कोण बघायला आलंय... पण मग कडक औषध, म्हणजे आणखी थेंब, आणि ते घालणार कोण — हाच हात. कस्तुराने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, मी लई जास्त घातलंय."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. औषध जंतूंना मारतं, पण फार झालं की भरून येणारी जखमही भरू देत नाही, त्या म्हणाल्या. रोज जखमेवर सायीसारखी कातडी धरत होती, आणि तुम्ही ती धुऊन टाकत होता. त्यांनी दुसरं, सौम्य औषध दिलं. चारच वेळा, वर एक थेंब नाही, परवा परत दाखवा. डाग राहील का, ते आत्ता सांगता येत नव्हतं.

देहूरोडच्या बसमध्ये जयसिंग डोळ्याला रुमाल लावून खिडकीशी बसला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं — आपण त्याचा डोळा घालवतोय, आपल्याच हाताने, आणि कोंडीरामच्या बायकोला मनातल्या मनात निष्काळजी म्हणत होतो आपण... तिला रडूही येईना.

घरी वेळ झाली तसा तो आपणहून उठून बसला. मान मागे टाकली. डोळा उघडून दिला, रोजच्यासारखाच.

"घाल," म्हणाला.

तिने एक थेंब सोडला. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "आग होतेय गं." मान अजून मागेच होती, डोळा उघडाच. तो थांबला होता. आणि तिने बघितलं, तिची बोटं बाटलीच्या झाकणावर कधीच जाऊन पोचली होती. तिने झटकन हात पदरात गुंडाळला, दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या हाताची भीती वाटली.

"होऊ दे," ती म्हणाली. "मी इथंच बसलीये."