साडेसहा वर्षांचं पाडस

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी विल्मा ब्रेलंडने नर हरीण मारलं आणि पिकअपमध्ये घालून शिकारी क्लबच्या शेडवर आणलं. तिथे हरणं सोलायचं काम माझं. मी आधी शिंगांना टेप लावली. दोन शिंगांमध्ये जेमतेम अकरा इंच.

आमच्या क्लबात नियम सोळा इंचांचा. त्याच्या आतलं हरीण कोवळं समजायचं, गोळी घालायची नाही. घातली तर त्या माणसाला वर्षभर जंगल बंद. नियम हॉयट पिकरिंगसाहेबांचा. ते राज्याच्या उत्तरेकडच्या, डेल्टा नावाच्या सुपीक भागातले कापूसवाले. चार वर्षांपूर्वी त्यांनी इथली पाइनची जमीन घेतली. त्यांच्याकडे नदीच्या गाळाची काळी माती आणि मैलोन्‌मैल सोयाबीन. तिथलं हरीण चौथ्या वर्षीच डोक्यावर खुर्ची घेतल्यासारखी रुंद शिंगं मिरवत हिंडतं. आमच्याकडे, मिसिसिपी राज्याच्या दक्षिण टोकाला, वाळू आणि पाइनची सुईसारखी पानं. इथलं हरीण म्हातारं झालं तरी शिंगं काटक्यांसारखीच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

विल्मा बासष्टची. नवव्या वर्षापासून ती याच जंगलात मचाणावर बसत आलेली.

"अभिनंदन, मिस विल्मा!" साहेब कॉफीचा पेला घेऊन आले. "बाळ मारलंत की हो! आई शोधत असेल बिचारी."

दहा-बारा सभासद खिदळले. साहेबांनी फोटो काढला. असे फोटो भिंतीवरच्या फळ्यावर लागायचे, आणि शेजारी तान्ह्या बाळाची दुधाची बाटली टांगली जायची. बाटली खास विकत आणलेली.

विल्माच्या मानेच्या शिरा टरारल्या. "डेविट, जबडा काढ."

मी सुरी चालवली. हरणाचं वय दाढांच्या झिजेवरून कळतं; याच्या झिजून वाटीसारख्या खोलगट झाल्या होत्या.

"साडेसहा वर्षं," मी म्हणालो. "कमी तर नाहीच."

"ऐकलंत? म्हातारं आहे हे."

"भिंतीवर दात टांगत नाहीत हो, शिंगं टांगतात. तुमच्याकडची अवलादच भिकार, त्याला मी काय करू?"

"अवलादीचं नाव काढू नका! या वाळूत चुना नाही, खायला धड दाणा नाही, तरी सहा हिवाळे काढलेत त्यानं. तुमच्या सोयाबीनवर पोसला असता तर शिंगांमुळे दारातून आत आला नसता." ती दोन पावलं पुढे गेली. "आणि तुमच्या खुर्चीमागे टांगलाय तो? डेल्टातून आणलेला? तो किती वर्षांचा?"

"तो? सात वर्षांचा राजा होता."

तो नर मीच सोलला होता. जबडाही मीच पाहिला होता. तेव्हा वय सांगितलं, तर साहेब हसून म्हणाले होते, "हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

"साडेतीन," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"फाटकाच्या किल्ल्या ठेवा. दोघांनीही. आत्ता."

विल्माने आपली किल्ली त्यांच्या कॉफीच्या पेल्यात टाकली. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. त्यांतल्या सहा जणांचे फोटो त्या फळ्यावर होते.

जबडा काढलेलं हरीण आम्ही पिकअपमध्ये टाकलं आणि निघालो. मला वाटलं, आता विल्मा शाबासकी देईल.

"तुला केव्हापासून माहीत होतं रे?" तिने विचारलं.

"तीन वर्षं झाली."

तिने कच्चकन ब्रेक मारला. "तीन वर्षं! गेल्या वर्षी क्लबातल्या लीरॉयला त्याच्या लेकीसमोर बाटली दाखवली, तेव्हा तू तिथंच सुरी पुसत उभा होतास!"

"मिस विल्मा, नोकरीचा प्रश्न होता हो..."

"मग आज कुठं गेला तो प्रश्न? नोकरी म्हणे! उतर खाली."

"इथं? घर चार मैल आहे."

"उतर म्हणते ना!"

मी उतरलो. धूळ उडवत पिकअप निघून गेली. चालताना मी साहेबांना शिव्या घातल्या, त्या दहा-बारा जणांना घातल्या. दुसऱ्या मैलानंतर घालायला मीच उरलो.

क्लबात नियम अजून सोळाचाच आहे. विल्मा आता भावाच्या रानात शिकार करते. नाताळात तिने त्या हरणाचं सॉसेज गावभर वाटलं. आमच्या दारावरून तिची पिकअप दोनदा गेली, दोन्ही वेळा भरधाव.