तपासणीचे मासे

मित्रांनो, मी काचेची एक जुनी टाकी आहे. कारखान्याच्या मागच्या फाटकाशी माझा जन्म गेला. नियम असा होता, की रसायनांचं पाणी शुद्ध करायचं आणि ओढ्यात सोडण्याआधी माझ्यातून न्यायचं. माझ्यात मासे जगले तर पाणी ठीक. नियम चांगलाच होता हो. पाळणारे लबाड निघाले.

मला दोन नळ. एक कारखान्याच्या सांडपाण्याचा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. एरवी पहिला चालू असायचा आणि माझ्यात मासा औषधालाही नसायचा. तपासणीचा निरोप आला, की मॅनेजरच्या हुकमाने पंपवाला मला घासूनपुसून दुसऱ्या नळाने भरायचा आणि दुकानातून आणलेले मासे सोडायचा. तपासणीला आलेले सरकारी साहेब काचेला नाक लावून खूश व्हायचे, सही करून जायचे. मला कुतूहल वाटायचं, की हे नळाकडे एकदाही का बघत नाहीत? बघायचंच नसेल, दुसरं काय!

तपासणीच्या दिवशी फाटकाबाहेर खालच्या वस्तीतली माणसंही मासे बघायला जमायची.

अशाच एका तपासणीच्या सकाळी त्याच वस्तीत राहणारी पंपवाल्याची धाकटी बहीण तान्ह्या लेकीला घेऊन आली. पोरीच्या अंगावर लाल चट्टे, कातडी सोललेली. हिला आंघोळ कुठल्या पाण्याने घालतेस, असं त्याने विचारलं.

"ओढ्याच्या. आमच्या नळाला पाणी असतं कुठे, दादा?"

"अगं, खुळी का तू? ते पाणी अंगाला लावायचं असतं?"

"का? तुझ्या टाकीत मासे मजेत फिरतात की. दर वेळी बघते मी."



साहेब आले, वाकले, खिशातून पेन काढलं. तेवढ्यात पंपवाल्याने दुसरा नळ बंद करून पहिला सोडला. मॅनेजर त्याच्यावर खेकसला.

"साहेब," पंपवाला म्हणाला, "चहा होईपर्यंत थांबा. सही मग करा."

चहा तसाच निवला. मी पिवळी होत गेले. एकेक मासा आडवा होऊन वर आला. मग कुठे साहेबांची नजर नळाकडे वळली.

कारखान्याला सील लागलं. पंपवाल्याची नोकरी गेली. पोरीचे चट्टे फिकट झालेत, पण गेलेले नाहीत. मी कोपऱ्यात धूळ खात पडले आहे.

मित्रांनो, मला पुसा असं मी म्हणत नाही. पण कुणी तुम्हाला पोहणारे मासे दाखवले, तर नुसत्या माना डोलावू नका. हे पाणी कुठल्या नळाचं, ते विचारा. लोक तुम्हाला आगाऊ म्हणतील. म्हणू देत.