दुतियम्पिनंतरचा श्वास

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवांचा दम संपला की मागचे टाळकरी ओळ उचलून धरतात ना, तशीच एक गोष्ट सांगतो. फक्त ही विहारातली आहे.

बोईसरजवळच्या पाम गावात धर्माजी बुद्धवंदना सांगायचे. दम्यामुळे 'दुतियम्पि', म्हणजे 'दुसऱ्यांदाही', एवढं म्हटलं की त्यांना श्वास घ्यावा लागे. मागून म्हणणारं सारं गावही तिथं थांबे. पालघरचे पाहुणे चिडवायचे, "पामची गाडी दुतियम्पि स्टेशनात थांबते!"

मग धर्माजींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही परतलं. वंदना मात्र पुसली गेली. नात तेजलचं लग्न ठरलेलं, आणि तिचा हट्ट, वंदनेतलं त्रिशरण, तीनदा म्हणायचं ते, आजोबांनीच द्यायचं.

"नको, बाय. माजं मन गेलं. नुसता डबा हाय."

विहारातले भंतेजी शेजारीच बसले होते. "बाबा, मन डब्यात ठेवायची वस्तू कधी होतं? कानावर पडलं, ओठांवर आलं, दुसऱ्याच्या कानात गेलं. वाहतंच आहे ते."

"म्हंजे अख्ख्या गावाचं मिळून एक मन?"

"तसं गाठोडंही नाही. ज्याचं त्याचं मन वेगळं. पण तुम्ही टाकलेलं बी त्यांच्यात उगवलंय."

"मंग त्यांनाच सांगा लगीन लावायला!" धर्माजी फणकारले.

तरी लग्नात तेजलनं त्यांना माइकपुढे उभं केलंच. ओठ हलेनात. शेवटी सून मंदानं, नवरीच्या आईनं, बायकांतून सुरुवात केली. सगळ्यांनी सूर धरला. एकदा शरण जाऊन झालं. 'दुतियम्पि' आलं, नि पामची माणसं थांबली. नवऱ्याकडची पुढं गेली, अडखळली, तीही गप्प झाली.

त्या रिकाम्या जागेत धर्माजींनी श्वास घेतला आणि पुढची 'बुद्धं सरणं गच्छामि' ही ओळ त्यांच्या तोंडून आली. तेवढीच. 'ततियम्पि'ला, तिसऱ्या खेपेला, पुन्हा अडले, बाकीचं लोकांनी पुरं केलं. तेजलला तेवढं पुरलं.

जेवताना त्यांनी विचारलं, "मंदा, ही लोकं मधेच का थांबली गं?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"माज्यासाठी? मला कुटं दम लागला?"

धर्माजी आता नाहीत. त्यांना न पाहिलेली पोरंही अजून तिथं थांबतात. तुम्ही कधी पामच्या विहारात बसलात तर थांबा, आणि श्वास आत घेताना आमच्या धर्माजींची आठवण काढा.