ठिपक्यांची बैलगाडी

"तुमचा कुणाचाबी विश्वास बसायचा न्हाई, पण जाफराबादेत टीव्हीवर पहिली बैलगाडी आम्ही चालवली," जीपमध्ये डोकं घालून अण्णासाहेबांनी जाहीर केलं.

जालन्याची जीप भरायला तीन सीट बाकी होत्या. खिडकीशी वसंता बसला होता, मांडीवर पिशवी. पोराकडे पुण्याला निघाला होता, कायमचा. सकाळपासून त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. चाळीस वर्षांचा दोस्त असा मुकाट्यानं निघून जाणार, हे अण्णासाहेबांना सोसेना. शेवटचं एकदा त्यानं भांडावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

"सत्त्याऐंशी साल. रबरी बटणांचा कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचा. हा वसंता मासिकातून प्रोग्रामच्या ओळी वाचायचा, मी बटणं दाबायचो. लाईट गेली की सगळं साफ! म्हणून प्रोग्राम कॅसेटवर उतरवला. ती निघाली ह्याच्या बहिणीच्या लग्नाची. पाव्हण्यांनी हौसेनं लावली, तर बुद्धवंदनेच्या जागी नुसतं चीं-चीं-खर्रर्र! नवरदेवाच्या मामाला वाटलं, टेपात उंदीर अडकला."

पलीकडची साळूबाई खुदखुदली. वसंतानं मान वळवली नाही.

"जालना, जालना!" ड्रायव्हर राधेश्याम ओरडला. दोघं चढले. राहिली एक सीट.

अण्णासाहेबांनी घाईनं थाप वाढवली. "गाडी पळत पळत पडद्याबाहेर आली. बैलांनी चुलत्याचा कडबा खाल्ला अन् जाऊन परत टीव्हीत उभे!"

"बराबर," साळूबाई म्हणाली. "अन् शेण कुणी काढलं?"

"वसंतानं!"

वसंता पिशवीची गाठ आवळत राहिला. अण्णासाहेबांना ते दिवस आठवले. एका खुर्चीवर दोघं अर्धे अर्धे बसायचे. पडद्यावर ठिपक्यांची ती गाडी पहिल्यांदा हलली, तेव्हा वसंतानं त्यांचा दंड असा आवळला होता की वळ उठले होते. तसा दंड पुन्हा कुणी धरला नाही.

शेवटची सीट भरली. इंजिन घुरघुरलं.

"अन् गाडी चालली कशी, ठावं हाये?" खिडकीची कड धरून अण्णासाहेब मोठ्यानं म्हणाले. "सगळी अक्कल माझी! शेवटच्या ओळीत मीच लिहिलं, गोटो दहा. म्हंजे, परत दहाव्या ओळीवर जा."

"थापाड्या!" वसंता खिडकीतून अर्धा बाहेर आला. "दहा न्हाई, तीस! दहाव्या ओळीत गाडी वेशीत उभी केल्ती. दर पावलाला तिथंच माघारी आणली असती, तर गाव सुटलं असतं का तिचं?"