पहिल्या रांगेतला रुमाल

"पाय एवढे आत घ्या हं. नट इथूनच ये-जा करतात," असं म्हणत दारावरच्या बाईंनी वाकून चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावला.

आत्यांनी पाय आत घेतले, शालही आवरून घेतली. चाकापासून हातभर अंतरावर जमिनीवर एक पांढरी पट्टी होती आणि पट्टीपलीकडे रंगमंच. उंचवटा नाही, पडदा नाही. एक खाट, एक दोरी आणि दोरीवर टाकलेले सदरे. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आत्यांनी नाट्यगृह पाहिलंच नव्हतं, आणि आज तर नाटकात त्यांची ठकू होती! सख्ख्या भावाची लेक, त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

"मागच्या दाराशी बसवलं असतं तर उतारावरून सरळ आत आलो असतो," शेजारी टेकत धाकटा भाऊ कुरकुरला. "इथं यायचं म्हणजे ती सामानाची लिफ्ट, मग तो बोळ. घामटं निघालं माझं."

"खुर्चीची जागा एरवी मागेच असते," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या मुलीनं हट्टच धरला. आत्या पुढेच बसणार! इथल्या दोन खुर्च्या काढायला लावल्या तिनं."

मग त्या सगळ्या प्रेक्षकांकडे वळल्या. "फोन बंद करा, थरथरणाराही नको. गोळ्या-चॉकलेटं काय सोलायची ती आत्ताच सोला. आणि मधेच उठलात तर परत येता येणार नाही, कारण वाट रंगमंचावरूनच आहे."

आत्यांनी खोकल्याच्या गोळ्या घरूनच सोलून डबीत आणल्या होत्या. पण त्यांना धास्ती खोकल्याची नव्हतीच. धास्ती होती हसण्याची.

त्यांचं हसणं म्हणजे काय सांगावं! भावाच्या लग्नात त्या अशा काही हसल्या होत्या, की फोटोवाल्याचा हात हलला आणि व्याह्यांकडच्या अख्ख्या घोळक्याला फोटोत चेहरेच उरले नाहीत. तेव्हापासून कुठंही निघायचं झालं की घरातून आधी त्यांना तंबी मिळायची. आजही निघताना भाऊ म्हणाला होता, "ताई, ठकूनं बजावून सांगितलंय. जागा लहान आहे. अजिबात हसायचं नाही."

ठकूनं सांगितलंय, हे मात्र आत्यांना लागलं होतं. लहानपणी हीच कार्टी पोटाला उशी बांधून "आत्या, हस ना गं" म्हणत घरभर नाचायची. पण जाऊ दे, पोरीच्या कामाचा प्रश्न होता. पुढं बसवलंय तेही नजर ठेवायलाच, हे आत्यांनी मनोमन ओळखलं आणि मोठा रुमाल काढून मांडीवर तयार ठेवला.

दिवे मालवले, पुन्हा लागले, आणि ठकू आली ती कमरेवर भलीथोरली टोपली घेऊनच. भाडेकरूंचे कपडे धुणारी बाई झाली होती ती. काय ऐट होती चालण्यात! आत्यांना उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"साहेब," ठकू खाटेवरच्या माणसाला म्हणाली, "तुमच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी होती. देवाशपथ, मी वाचली नाही. पण त्या काही यायच्या नाहीत, तुम्ही उगाच ताटकळू नका."

आत्यांच्या पोटातून उकळीच फुटली. त्यांनी झटकन रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला. भावाचा हात सवयीनं त्यांच्या कोपरावर येऊन बसला.

आणि बाकीचं नाट्यगृह गप्प. इतक्या जवळून, नटांच्या तोंडासमोर हसायचं कसं? जो तो शहाण्यासारखा हाताची घडी घालून बसला होता. दुसरा विनोद तसाच गेला. तिसराही गेला. ठकूचा वेग वाढला. घाबरली की ती शब्दांची शेपटं गिळायची, शाळेतल्या पाठांतरापासूनची खोड ती. आता तेच चाललं होतं. तिच्या कपाळावरचा घामसुद्धा आत्यांना दिसत होता. अगं सावकाश, माझे आई, सावकाश! एकीकडे पोरीची काळजी, दुसरीकडे हसू अनावर, आणि तोंडात बोळा. आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

दोरीवरचे कपडे काढता काढता ठकूची नजर त्यांच्यावर पडली. लालभडक चेहरा, टम्म फुगलेले गाल, ओठांतून बाहेर लोंबणारं रुमालाचं टोक. ठकूचा हात तसाच दोरीवर राहिला. मग टोपली कमरेवर सावरून ती थेट पांढरी पट्टी ओलांडून आली.

"अगंबाई, हा एक राहिलाच की!" शब्द खणखणीत, शेपटासकट. तिनं दोन बोटांत टोक धरून रुमाल हळूहळू बाहेर ओढला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि नाक मुरडलं. "एवढं कोंडून ठेवायला कुणी सांगितलं हो तुम्हाला?"

भावाचा हात कोपरावरून अलगद निघाला.

मग काय, आत्या हसल्या. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं हसल्या. खुर्चीचा ब्रेक खडखडला. मागं कुणीतरी फिस्सकन फुटलं, त्याच्या शेजारचा फुटला, आणि बघता बघता अख्खं नाट्यगृह खदखदू लागलं. दारावरच्या बाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. ठकू मात्र टोपली घेऊन शांत उभी होती, हसण्याची लाट ओसरायची वाट बघत. ओसरल्यावर तिनं पुढचं वाक्य असं टाकलं, की दुसरी लाट आली.

त्या गलक्यात भाऊ आत्यांच्या कानाशी वाकला.

"ताई, ती तसं काही म्हणाली नव्हती गं. ते माझंच..."

"शू!" आत्या रंगमंचावरून नजर न काढता म्हणाल्या. "नाटक चाललंय."