चालणारी पावलं, निजलेली नाडी

पावलं चालत होती आणि नाडी निजली होती. अलकनंदाच्या मनात संशयाचं बी पडलं ते इथंच, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीआधी.

तिच्या नवऱ्याच्या, भालचंद्ररावांच्या, हृदयाला जुलैत दोन स्टेंट बसले होते. तिसऱ्या वाहिनीचं काय करायचं ते डॉक्टर या शुक्रवारी ठरवणार होते. रोज पाच हजार पावलं चाला, तीन महिन्यांच्या नोंदी आणा. चालला असाल तर गोळ्यांवर भागवू, नाहीतर पुन्हा आत घ्यावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून अलकनंदानं नवऱ्याच्या डाव्या मनगटावर काळं घड्याळ बांधलं आणि त्याचं ॲप आपल्या फोनवर घेतलं. "मंगळसूत्र मी घालते, घड्याळ तुम्ही घाला," असं तेव्हा हसत म्हणालीही होती.

आता हसू येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरून विलासनं मान लांबवली. जन्म करोलबागेतला, त्याची मराठी निम्मी हिंदीतच मुरलेली.

"क्या हुआ मॅडम? साहेब पळाले की काय?"

"चालतायत. हे बघ, साडेअकरापासून अडीच हजार पावलं. आणि नाडी एकसष्ट."

"एकसष्ट? मी कँटीनपर्यंत गेलो तरी शंभर होते. यार, साहेब चालतायत की तरंगतायत?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "घड्याळ दुसऱ्याच कुणाच्या हातात तर नाही ना?"

बोलून तो फायलीत बुडाला. पण शब्द काही बुडाला नाही, तो हिच्या मनात तरंगत राहिला. दुसऱ्या कुणाच्या हातात.

आणि मग एकेक आठवायला लागलं. सासूबाईंचं इरकल लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, ट्रंकेतून नाहीसं झालं होतं. विचारलं तर म्हणाले, "असेल की गं कुठं." बाहेरच्या खोलीतली मनीप्लांटची टांगती कुंडी बाल्कनीत गेली होती. "पाणी गळतं," म्हणाले. पाणी कधी गळलं नव्हतं. परवा शर्टाच्या कॉलरला पावडरीचा वास आला होता, गोडसर, त्यांचा नव्हे. निवृत्त होऊन वर्ष झालेला माणूस, दिवसभर घरी एकटा, आणि हल्ली सारखा गुणगुणतो.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेट्रो धरली.

आर. के. पुरमला त्यांच्या ब्लॉकखाली लिंबाच्या झाडाला टेकून राजवतीचं इस्त्रीचं टेबल होतं. एरवी मान वर न करणारी राजवती आज हिला बघून दचकली. "मेमसाब? आज इतनी जल्दी?" म्हणाली, आणि तिची नजर आपसूक वर, दुसऱ्या मजल्यावर गेली.

ही पण सामील? अलकनंदा जिना चढली. दारापाशी आली तर आतून नवऱ्याचा आवाज, हळुवार, लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिनं न ऐकलेला.

"नीज गं बाई, नीज. किती लाडात येशील? ती यायच्या आत नीज बघू."

तिच्याच छातीत धडधड उठली. घड्याळ तिच्या हातात असतं तर त्यानं केवढा आकडा दाखवला असता! तिनं किल्ली फिरवून दार ढकललं.

छताच्या कडीला सासूबाईंचं लुगडं बांधलं होतं. त्याच्या झोळीतून एक इवलासा पाय बाहेर आलेला. खुर्चीत भालचंद्रराव, आणि झोळीची दोरी त्यांनी डाव्या मनगटाला गुंडाळलेली. हात पुढं, हात मागं. हात पुढं, हात मागं. काळं घड्याळ इमानदारीत पावलं मोजत होतं.

"श्श!" ते म्हणाले. आधी श्श, आणि मग घाबरले.

"कुणाची?"

"राजवतीची. निखारा उडून पायावर पडला गं हिच्या. म्हटलं, इस्त्री होईस्तोवर वर राहू दे तास-दोन तास."

"कधीपासून?"

"गणपती गेल्यापासून."

"महिना झाला!" ती कुजबुजतच ओरडली. "महिन्याची पावलं खोटी. शुक्रवारी मी मोठ्या तोऱ्यात हा फोन डॉक्टरांपुढं धरणार होते. त्यांनी गोळ्यांवर सोडलं असतं, आणि आत ती वाहिनी तुंबत राहिली असती. मग?"

"मला आधी कळलंच नाही, ते हे पण मोजतं म्हणून. मग कळलं." त्यांनी मान खाली घातली. "कळल्यावरही गप्प बसलो."

"का? मी लेकराला घरात घेतलं नसतं, असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी वर बघितलं फक्त, कडीकडे. "तुला झोळी दिसली असती, अलका."

चोवीस वर्षांपूर्वी या क्वार्टरात आल्यावर मिस्त्रीच्या मागं लागून ती कडी तिनंच ठोकून घेतली होती. सातवा महिना लागला होता तेव्हा. आठवा काही लागला नाही. मग तिनं त्या कडीला कुंडी टांगली, आणि खाली लोंबणाऱ्या वेलाला पाणी घातलं. वर मात्र बघितलं नाही.

आज बघितलं. बराच वेळ.

मग वाकून तिनं त्यांच्या मनगटावरची दोरी सोडवली. "उठा. चालून या. शुक्रवारी हे सगळं डॉक्टरांना तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडानं. ते आत घेतो म्हणाले तर मी येईन बरोबर."

"आणि हिला उद्या..."

"उद्यापासून सकाळी सहाला आपण दोघं पार्कात. साडेअकराला ही. पण दोरी उजव्या हातानं ओढा!"

ते गेले. जिन्यावर चपला वाजल्या. दोरी थांबली तशी झोळीत चुळबुळ झाली. अलकनंदा खुर्चीत टेकली आणि आजोळी जात्यापाशी ऐकलेली चाल, कुठं कुठं उसवलेली, तिच्या ओठांवर आली. शब्द आठवेनात, तेव्हा तिनं आपलेच घातले:

हले झोळी, हले दोरी, हले लिंबाची साउली
नीज बाई, तुझी माय निखाऱ्यापाशी राहिली

मांडीवर फोन उजळला होता. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. सवय एका दुपारीत थोडीच जाते! पावलं दोनशे, नाडी चौऱ्याहत्तर. पावलं पाचशे, नाडी अठ्ठ्याऐंशी. मग ब्याण्णव.

नाडी जागी झाली होती. झोळीतली मात्र निजली, तरी अलकनंदाचा हात दोरी ओढतच राहिला.